होम्सला टांग्यात बसवा: फॅनफिकसाठी आपलं स्वतःचं साइड कॅरेक्टर कसं घडवायचं

फॅनफिकमधी, म्हणजे दुसऱ्याच्या गाजलेल्या कथेवरून तिच्या चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टीत, लोकं हिरो दुसऱ्याचा उचलतात आणि त्याच्या बाजूला एक आपलं पात्र उभं करतात, आणि ते पात्र बहुतेक वेळा एकतर हिरोच्या प्रेमात पडलेलं असतं नाहीतर हिरोपेक्षा डबल हुशार असतं, नाहीतर नुसतं चहा आणून देतं आणि गायब होतं. तिन्ही वाचायला लै कंटाळा येतो. ओसी म्हणतात याला, मूळ कथेत नसलेलं, आपण घातलेलं पात्र. ते लिहायला बसायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते, हिरो आज गावात आलाच नसता तर या माणसानं दिवसभर काय केलं असतं? उत्तर नसंल तर लिहू नका, आधी उत्तर शोधा.

नुसतं सांगून काय होत नाही, एक पात्र घडवूनच बघू.

शेरलॉक होम्स घेऊ. एकतर त्याचे लेखक डॉयल 1930 ला वारले आणि भारतात लेखक गेल्यावर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे आपल्याकडं तो कवाच मोकळा झालाय (पुस्तकातला होम्स म्हणायलेय मी, टीव्हीवरचा नवा नाही, त्याचं वेगळं असतं). दुसरं म्हणजे त्याच्या गोष्टीत एक आयती मोकळी जागा आहे. 1891 ला तो धबधब्यात पडून मेला असं सगळ्यांना वाटतं आणि 1894 ला गडी लंडनमधी हजर, म्हणतो सिगरसन नावाचा नॉर्वेचा प्रवासी बनून तिबेटात होतो, मग इराण, मक्का, खार्टूम करून आलो. मग तिबेटात जाता-येता हिंदुस्थानात कुठं कुठं थांबला, त्याची एक ओळ नाही. आपलं पात्र अशाच जागी घालायचं, जिथं मूळ लेखक गप्प बसलाय. होम्सचा जोडीदार वॉटसन, त्याच्या खुर्चीवर दुसरा वॉटसन बसवायला गेलात की वाचणारा लगेच म्हणतो, हा कोण नवीन, उठा.

तर होम्सला 1892 मधी निजामाच्या मुलखात आणू, वेरूळची लेणी बघायला. आता जरा शोधाशोध करा. औरंगाबादला रेल्वे आली 1900 च्या सुमारास, म्हणजे 92 ला रेल्वे नाही. मग साहेब लोकं नांदगाव स्टेशनला उतरायचे आणि तिथून टांग्यानं वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद करत औरंगाबाद. म्हणजे टांगेवाला लागतोच. बघा, पात्र शोधायला आपण कुठं गेलोच नाही, रस्त्यानंच दिलं. निम्म्या लोकांचं इथंच चुकतं, ते आधी डोळ्यांचा रंग ठरवतात आणि मग या माणसाला कथेत काम काय द्यावं म्हणून डोकं खाजवत बसतात.

नाव ठेवू चाँदपाशा. वय चाळीसच्या आतबाहेर, घोडी कर्जावर घेतलेली, थोरलं पोरगं आत्ताच धंद्याला लावलंय. आता त्याला काय पाहिजे? आणि त्याला कशाची भीती? इकडून रेल्वे जाणार अशी आवई त्याच्या कानावर आली, असं आपण धरू. रेल्वे आली की नांदगावचा टांगा संपला. आणि त्याच्या टांग्यात येऊन बसतो कोण, तर एक उंच गोरा साहेब, जो दर कोसाला वही काढतो, होकायंत्र बघतो, माती चिमटीत घेऊन वास घेतो. आपल्याला माहितीय तो होम्स आहे. चाँदपाशाला वाटतं हा रेल्वेची मापं घेणारा आहे.

झालं, पात्र उभं राहिलं. आता त्याला होम्सच्या मागं मागं फिरायची गरज नाही, तो होम्सच्या विरोधात आपलं काम करायलाय. सीन असा लिहा:

"साब, कलदार है तो बैठो. हाली नक्को."

निजामाचा हाली सिक्का वेगळा आणि इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार, त्याला भाव जास्त. नांदगाव इंग्रजांच्या मुलखात, घोडीची चंदी तिथं घ्यायची तर कलदारच लागणार. हे सगळं वाचणाऱ्याला समजावून सांगत बसू नका, नुसतं त्याला नाणं दगडावर वाजवून बघू द्या. पुढं घाटाच्या अलीकडं तो मुद्दाम खराब वाटेनं टांगा घालतो, चाक खड्ड्यात आदळतं, आणि कुणी काही विचारलं नसताना बोलतो, "बारिश में ये पूरा पानी में जाता साब, इधर कुछ टिकता नै." होम्सला घोडीचा मागचा डावा पाय दुखतोय ते कळलं, गडी कर्जात आहे ते कळलं, लगामाच्या घट्ट्यावरून डावखुरा आहे हेसुद्धा कळलं. फक्त हा माणूस आपल्याला इतके खड्डे कामून दाखवायलाय, ते काय खुलताबाद येईपर्यंत कळंना.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चाँदपाशा होम्सपेक्षा हुशार नाही. होम्सला बावळट करून आपल्या पात्राला मोठं करायचं नाही, फॅन लोकं ते कधीच माफ करत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. आपल्या माणसाला दुसरं काहीतरी माहिती असावं, वाट, नाणं, पावसाळा, कोण कुणाचं देणं लागतं. डोकं होम्सचं, मुलूख चाँदपाशाचा. दोघंही आपापल्या जागी खरे आणि तरीबी गाडी अडकली, की सीन आपोआप चालतो.

उलटं केलं की काय होतं त्याला नावसुद्धा आहे, मेरी स्यू. 1973 मधी पॉला स्मिथनं स्टार ट्रेक या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका फॅन मासिकात असल्या गोष्टींची टर उडवली होती, तिच्यात मेरी स्यू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट, सगळ्यात लहान, सगळ्यात गुणी, सगळे तिच्यावर फिदा. तेव्हापासून ते नाव चिकटलं. पण आजकाल कुठलीही पोरगी जरा धाडसी लिहिली की लोकं मेरी स्यू मेरी स्यू ओरडायलेत, तेही काय पटत नाही. पात्र तयारीचं असायला हरकत नाही, बाकीच्या सगळ्यांनी आपापलं काम सोडून तिचं कौतुक करत बसणं वाईट.

बोलीचं सांगते. दखनी किंवा आपली मराठवाडी चार शब्दांत कळते, "नक्को", "कामून", "करायलाय", बास. प्रत्येक वाक्यात ठासून भरली की माणूस राहतो बाजूला आणि विनोदी नट तयार होतो. मुसलमान टांगेवाला आणि बंजारा बाई आणि गावचा पाटील यांना नुसतं हसायला ठेवणं तर लै जुनं झालं, सोडा ते.

नावं ठेवताना आजी-आजोबांच्या पिढीतली नावं आठवा, गयाबाई, कोंडाबाई, ग्यानोबा, दस्तगीर. 1892 ची बाई असंल आणि नाव कियारा असंल तर पुढं कोण वाचंल. ओळखीच्या माणसाचं पूर्ण नाव-आडनाव मात्र उचलू नका, उगं भांडणं होतात.

आजच्या काळातलं लिहीत असाल तरी रीत हीच. समजा तुमचा कुठला तरी सुपरहिरो लपायला लातूरच्या ट्यूशन एरियात आला. मेसवाल्या काकू त्याला काय विचारतील? जग वाचवतोस का ते नाही, महिन्याचा ॲडव्हान्स आणलास का ते. रात्री उशिरा आला तर डबा झाकून ठेवतील पण दुसऱ्या दिवशी ऐकवतील. त्यांच्याकडं पोरं जेवायला आहेत, गॅस संपत आलाय, आणि नीटचा निकाल लागला की निम्मी पोरं निघून जाणार. एवढं तुम्हाला माहिती असलं की काकू स्वतःच बोलायला लागतात. कथेत मात्र त्यातलं थोडंच येऊ द्या, बाकीचं वहीत राहू द्या. अख्खी जन्मकुंडली पहिल्याच भागात टाकणारे लै आहेत.

शेवटाकडं ओसीचं काय करायचं हे आधीच ठरवा. मूळ कथेत त्याचा पत्ता नाही, म्हणजे होम्स लंडनला गेल्यावर त्यानं कधी याचं नाव कामून काढलं नाही, याला कारण पाहिजे. मारून टाकणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात आळशी. चाँदपाशाला तर शेवटपर्यंत कळूच द्यायचं नाही साहेब कोण होता ते, आणि होम्सनंही सांगायचं नाही, कारण तो स्वतःच मेलेला आहे लोकांसाठी. भाडं दिलं, टांगा वळला, विषय संपला.

गोष्ट ऑनलाइन टाकताना टॅगमधी ओसी आहे असं स्पष्ट लिहा आणि सारांशात एका ओळीत तो कोण ते सांगा. काही लोकं ओसी असलेलं वाचतच नाहीत, त्यांना फसवून आत आणलं तर खाली शिव्याच खाव्या लागतात. आणि ज्यांना आवडतं ते तर टॅग लावूनच शोधायलेत.