कोकणात पंधरा ठिकाणी माल पोचवायचाय? रस्त्याचं ॲप असं निवडा

रत्नागिरीतून टेम्पो निघतो, दिवसभरात बारा-पंधरा दुकानांत माल उतरवतो आणि संध्याकाळी परत येतो. गाडीत पाव असो, औषधं असोत की मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, प्रश्न एकच: सुरुवात कुठून करायची आणि वळायचं कुठून. या कामासाठी ॲपं भरपूर आहेत. पण त्यांच्या जाहिराती सपाट जमिनीवरच्या, सरळ रस्त्यांच्या शहरांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे नकाशावर दोन गावं बोटभर अंतरावर दिसतात आणि मध्ये खाडी असते. त्यामुळे सगळ्यांत जवळचा रस्ता कोणतं ॲप काढतं, हे इथे शेवटी पाहायचं. खाडी, फेरीबोट, वाडीतला पत्ता आणि गेलेली रेंज या चार गोष्टी त्याला झेपतात का, ते आधी.

१. ॲप उतरवण्याआधी वही काढा

एका आठवड्याचे सगळे थांबे लिहून काढा. प्रत्येकापुढे गाव, वाडी, फोन नंबर, दुकान उघडं असण्याची वेळ आणि माल उतरवायला लागणारी मिनिटं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि मग सगळं वेळापत्रक दुपारपर्यंत कोलमडतं. औषधाच्या दुकानात पाच मिनिटांत काम होतं. हार्डवेअरवाल्याकडे माल उतरवा, मोजा, मागची बाकी मागा, चहा घ्या, अर्धा तास सहज जातो. शिवाय कित्येक दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. कुठलंही ॲप हे आपणहून ओळखणार नाही.

यादी पूर्ण झाली की तिच्याकडे नीट पाहा. थांबे दर आठवड्याला तेच असतील, तर पैसे भरून ॲप घ्यायची गरज नाही. क्रम एकदा डोकं लावून बसवा, फोनमध्ये साठवा, झालं. थांबे रोज बदलत असतील, म्हणजे आज वीस घरपोच ऑर्डरी आणि उद्या वेगळ्याच वीस, तरच क्रम लावून देणाऱ्या ॲपचा विचार करा.

२. पत्ता नको, पिन हवी

‘मारुतीच्या देवळाकडून उजवीकडे, चढ चढलात की कुणालाही विचारा.’ असा पत्ता माणसाला पुरतो, मोबाईलला नाही. एका गावात आठ-दहा वाड्या, वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरं आणि गावांची नावंही जुळी. मुरूड दापोलीजवळ आहे आणि जंजिऱ्याचंही आहे. वेळास मंडणगड तालुक्यात आहे, तसंच श्रीवर्धन तालुक्यातही. दाभोळ वाशिष्ठीच्या मुखावर, तर दाभोळे साखरप्याजवळ, कोल्हापूरच्या वाटेवर. नुसतं नाव टाइप करून पहिल्या उत्तरावर बोट ठेवलं, तर गाडी भलत्याच तालुक्यात जाऊ शकते.

म्हणून प्रत्येक थांब्याची पिन, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा, एकदा स्वतः जमवा. ड्रायव्हरदादा दुकानासमोर उभे असतानाच त्यांनी लोकेशन साठवलं तर उत्तम. नाहीतर गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर ‘करंट लोकेशन’ पाठवायला सांगा. ते घरी बसून पाठवलेलं हवं, हे स्पष्ट सांगा. एरवी काकू मुलाला सांगतात आणि मुलगा मुंबईतून स्वतःचं लोकेशन धाडतो.

आलेली पिन तपासायची सोपी खूण आहे. पिनमागे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे असतात. रत्नागिरी शहर साधारण १६.९९ आणि ७३.३१ वर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात पहिला आकडा १६ किंवा १७ ने सुरू होतो, अगदी उत्तरेच्या टोकाला १८ ने. दुसरा ७३ ने. सिंधुदुर्गात पहिला १५ किंवा १६, दुसरा ७३, दोडामार्गाकडे ७४. पहिला आकडा १९ आणि दुसरा ७२ आला, तर ती पिन मुंबईची समजा. दशांश चिन्हापुढचे चार आकडे असले की जागा दहा-अकरा मीटरपर्यंत नक्की होते, पाच असले की मीटरभरापर्यंत. तेव्हा कुणी आकडे कागदावर लिहून दिले तर पुढचे आकडे खाऊ नका.

पिन लिहून ठेवायचे आणखी काही मार्ग आहेत. गुगल मॅप्सचा प्लस कोड प्रत्येक ठिकाणाला मिळतो, तिथे रस्त्याला नाव असो वा नसो. मॅपल्स या भारतीय ॲपचा स्वतःचा सहा अक्षरी पिन आहे. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. तो दहा अक्षरांचा कोड साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो आणि अक्षांश-रेखांशावरूनच बनतो. यांतलं काहीही वापरा, पण सगळ्या थांब्यांसाठी एकच पद्धत ठेवा. मी तर एक्सेलच्या साध्या तक्त्यात अक्षांश-रेखांशच ठेवायला सांगेन, कारण उद्या ॲप बदललं तरी तो तक्ता नव्या ॲपमध्ये ओतता येतो. ॲपच्या आतच साठवलेली यादी बाहेर काढताना नाकी नऊ येतात.

एक पथ्य मात्र पाळा. पिन घराच्या पडवीवर नको, जिथे गाडी थांबते तिथे हवी. पुढे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, असेल तर ॲपला ती दिसेलच असं नाही आणि दिसली तरी टेम्पो पायऱ्या उतरणार नाही. ‘गाडी पारावर, पुढे दोन मिनिटं चालत’ असा शेरा पिनसोबतच लिहून टाका.

३. ॲपची खाडीवर परीक्षा घ्या

नवीन ॲपला असा रस्ता विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच पाठ आहे. आपल्या किनाऱ्यावर यासाठी फेरीबोटीचे धक्के फार उपयोगी पडतात: वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. दाभोळहून गुहागर विचारून पाहा. फेरीने वाशिष्ठी ओलांडली की समोर धोपावे आणि तिथून गुहागर जवळ. फेरी वगळली तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा.

आता ॲप काय सांगतं ते बघा. फेरी दाखवतच नसेल, तर किनाऱ्याच्या कामाला ते निरुपयोगी. दाखवत असेल, तर सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू-बंद करून रस्ता बदलतो का पाहा. हा पर्याय हवाच, कारण भरलेला टेम्पो आज फेरीवर घालायचा की नाही, हे तुम्ही ठरवणार. मग वेळ बघा. ॲप बहुधा पाणी ओलांडायची मिनिटं धरतं. धक्क्यावरची रांग, सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची गर्दी, शेवटची फेरी किती वाजता, हे तुम्हालाच जोडावं लागतं. धक्क्यालाही एक थांबा म्हणून यादीत घाला आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटं द्या. ही युक्ती कुठल्याही ॲपमध्ये चालते.

दुसरी परीक्षा चढाची. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेवरून समुद्राच्या कडेने जाता येतं, किंवा हायवेवर निवळीला जाऊन तिथून. ॲप साहजिकच आरे-वारे सुचवतं, अंतर कमी आहे. रिकामी गाडी असेल तर प्रश्न नाही. पण काचेच्या बाटल्यांनी भरलेल्या ‘छोटा हत्ती’ला ती वळणं आणि ते चढ-उतार मानवतात का, हे तुमच्या ड्रायव्हरला विचारा, फोनला नको. साध्या ॲपांना तुमच्या गाडीचं वजन ठाऊक नसतं. स्कूटरवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना गुगल मॅप्समधला दुचाकीचा पर्याय कामी येतो, पण टेम्पोसाठी तो चुकूनही निवडू नका. अरुंद गल्लीत शिरल्यावर मागे घेताना दोन्ही बाजूंचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आरसे काढून घेतात.

४. आता निवड

गुगल मॅप्समध्ये निघण्याचं ठिकाण सोडून एका वेळी नऊ थांबे टाकता येतात. पण ते टाकाल त्याच क्रमाने राहतात. क्रम तुम्ही बोटाने वर-खाली सरकवायचा. नऊपेक्षा जास्त असतील तर दोन फेऱ्या करा, सकाळची आणि दुपारी चारनंतरची, आणि दोन्हींच्या लिंका ड्रायव्हरला पाठवा. दुपारी दुकानं बंदच असतात, त्यामुळे ही फाळणी आपल्याकडे आपोआप जमते. ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या छोट्या धंद्याला एवढं बस आहे.

गुगलचंच माय मॅप्स संगणकावर उघडा. तिथे एक्सेलचा तक्ता टाकला की सगळे थांबे एका नकाशावर उमटतात आणि वारांप्रमाणे रंग देता येतात. गाडी चालवताना वळणं सांगायला ते नाही. पण कुठले थांबे खाडीच्या अलीकडे आणि कुठले पलीकडे, हे एका नजरेत कळतं. फेऱ्या आखायला मला हेच सगळ्यांत उपयुक्त वाटतं आणि याचंच नाव कुणी घेत नाही.

ओएसएमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतात. हा नकाशा २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक बनवत आले आहेत. नकाशा फोनमध्ये उतरवला की रेंज नसतानाही रस्ता निघतो. ओएसएमअँडमध्ये थांब्यांचा क्रम लावून घ्यायची सोयही आहे, मात्र ते ॲप हाताळायला किचकट. तुमची वाडी नकाशात नसेल तर तुम्ही स्वतः भरू शकता.

रोडवॉरियर, राउट फोर मी, झिओ यांसारखी ॲपं क्रमच लावून देण्यासाठी बनवलेली आहेत. दहा थांब्यांचे क्रम होतात ३६,२८,८००, ते हाताने ताडून पाहणं माणसाला शक्य नाही. या ॲपांत उतरवायची मिनिटं भरता येतात का, ‘बारा वाजायच्या आत’ अशी अट घालता येते का, तक्ता एकदम टाकता येतो का, हे तपासा. फुकट वापरात थांब्यांची संख्या किंवा सोयी मर्यादित असतात. त्यामुळे पैसे भरायच्या आधी तुमचा खरा सोमवार त्यात भरून पाहा. ॲपने लावलेला क्रम तुमच्या जुन्या ड्रायव्हरच्या क्रमाशेजारी ठेवा. फरक पडेल तिथे त्याला कारण विचारा. ‘तिथे सकाळी मासळीवाल्यांची गर्दी असते’ असं उत्तर आलं, तर ती वेळेची अट म्हणून भरा आणि पुन्हा क्रम काढा.

५. क्रम लावताना

आधी खिळे ठोका, म्हणजे ज्यांची वेळ हलत नाही ते थांबे: फेरी, सकाळी लवकर पाव लागणारी हॉटेलं, एकच्या आत गाठायची दुकानं. उरलेले त्यांच्या मध्ये बसवा.

किनारपट्टीवर एकाच फेरीत जाताना एकदा आणि येताना एकदा, यापेक्षा जास्त वेळा तीच खाडी ओलांडायची वेळ येऊ देऊ नका. रत्नागिरीतून दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, मग मुचकुंदीवरचा पूल आणि गावखडी, पुढे कशेळी, आडिवरे ही एक फेरी. उत्तरेला गणपतीपुळे, मालगुंड, जयगड ही दुसरी. दोन्ही एका दिवसात कोंबण्यापेक्षा वार वाटून घेतलेले बरे. जड माल आधी उतरेल असं पाहा आणि टेम्पो उलट्या क्रमाने भरा. शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यांत आत.

६. रेंज जाणार हे धरूनच चाला

निघायच्या आदल्या रात्री वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या आणि अधूनमधून अपडेट करा. गुगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात चारचाकीचा रस्ता निघतो, वाहतुकीची ताजी स्थिती मात्र कळत नाही. खात्री करायची असेल तर फोन विमान मोडवर टाकून घरच्या घरी रस्ता काढून पाहा. क्रम लावणारी बरीच ॲपं हे काम इंटरनेटवरून करतात. त्यामुळे क्रम घरूनच काढून निघायचं आणि थांब्यांची यादी, फोन नंबरांसकट, कागदावर छापून डॅशबोर्डमध्ये ठेवायची.

फोन स्टँडवर लावा, हातात नको. कायद्याने गाडी चालवताना फोन वापरायची मुभा रस्ता पाहण्यापुरतीच आहे, तीही लक्ष विचलित न होता.

७. पावसाळ्याचा वेगळा तक्ता

जून ते सप्टेंबर उन्हाळ्यातला क्रम चालत नाही. राजापुरात अर्जुना-कोदवलीचं पाणी बाजारपेठेत शिरतं. चिपळूणने २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. घाटात दरड येते, साकवावरून पाणी जातं. रस्ता कामासाठीही बंद होतो: २०२२ च्या उन्हाळ्यात परशुराम घाट दुपारचे काही तास बंद ठेवला जात होता. असे आदेश ॲपवर वेळेत दिसतील याचा भरवसा धरू नका.

म्हणून मे अखेरीस दुसरा तक्ता करून ठेवा. प्रत्येक फेरीला एक पर्यायी रस्ता, पाणी भरणाऱ्या जागांवर लाल पिना आणि प्रत्येक टापूतल्या एका ओळखीच्या दुकानदाराचा नंबर. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या सकाळी धक्क्यावर फोन करून फेरी चालू आहे का विचारा, मग त्या दुकानदाराला रस्ता विचारा आणि नंतरच गाडी भरायला घ्या.