बटनवाला की टचवाला? फोन घ्यायच्या आधी हे बघून घ्या

दुकानात गेलं की कॅमेरा किती मेगापिक्सल, रॅम किती हे सगळे विचारतात, पण ज्याच्यासाठी फोन घ्यायचाय त्याचे हात दिवसभर कशात असतात ते कोणी बघत नाही. तिथूनच सुरुवात करा भो.

आताची टच स्क्रीन बोटाच्या दाबावर चालत नाही. बोट काचेला टेकलं की तिथला विजेचा भार किंचित बदलतो, आणि तो बदल स्क्रीन ओळखते. म्हणून तिला नख समजत नाही, साधे हातमोजे समजत नाहीत, आणि पाण्याचे थेंब पडले तर आपोआप काहीही उघडायला लागतं. आता रावेर-यावलकडे केळीचे घड कापणाऱ्याचे हात चिकाने माखलेले असतात, फवारणीवाल्याच्या हातात मोजे, त्यांना साधा कॉल उचलायला चार वेळा बोट फिरवावं लागतं. बटनाला याचं काही नाही, दाबलं की लागलं. शिवाय ५ च्या बटनावर बारीक उंचवटा असतो, त्यावरून न बघताही नंबर लावता येतो, ज्यांची नजर कमी झालीय त्यांना याचा फार उपयोग.

शेतातल्या मोटरला मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोन लावून मोटर चालू-बंद करायचं यंत्र, बसवला असेल तर बटनवालाच सोयीचा. रात्रीची लाईट आली, फोन लावला, चालू करायचं बटन दाबलं, झालं. टचवर कानाला लावलेला फोन खाली घ्या, स्क्रीन पेटायची वाट बघा, मग कीपॅड शोधा, तोवर तिकडची रेकॉर्डिंगवाली बाई 'कृपया योग्य पर्याय निवडा' म्हणून मोकळी. बँकेच्या, गॅसच्या नंबरांनाही हेच.

पण मराठी लिहायचं असेल तर माझं मत सरळ टचला. बारा बटनांच्या फोनवर एका बटनात पाच-पाच अक्षरं, मात्रा वेगळ्या, जोडाक्षर आलं की हलंत शोधा, माणूस वैतागून 'ok' पाठवतो. टचवर जीबोर्ड, म्हणजे गुगलचं कीबोर्ड अ‍ॅप, टाका, भाषेत मराठी निवडा, मग बोलून लिहा, बोटाने गिरवून लिहा किंवा इंग्रजी अक्षरात लिहून देवनागरी काढा. एक मात्र आहे, घरच्यांशी अहिराणीत लिहीत असाल तर ऑटो करेक्शन बंद करून टाका, नाहीतर 'काय करी राहिना' चं तो भलतंच काहीतरी करतो, आणि बोलून लिहिण्यातही अहिराणीची तीच गत.

आता ज्यांना ब्लॅकबेरीसारखा पूर्ण कीबोर्डवाला स्मार्टफोन पाहिजे त्यांच्यासाठी. टायपिंगला तो खरंच मस्त, पण सेकंडहँड स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका. ब्लॅकबेरीच्या जुन्या सिस्टीमवाल्या फोनांची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला बंद केली. ब्लॅकबेरीचाच २०१८ चा की-टू अँड्रॉइडवाला होता, पण तो जुन्या अँड्रॉइड ८ वरच राहिला, अशा फोनवर बँकेची अ‍ॅप कधी बंद पडतील सांगता येत नाही. बटनांची एवढीच हौस असेल तर चांगला टचवाला घ्या आणि लांबलचक लिहायच्या वेळी ब्लूटूथ कीबोर्ड जोडा, किंवा घरातला यूएसबी वायरवाला कीबोर्ड ओटीजीने, म्हणजे फोनला यूएसबी जोडायच्या छोट्या पिनेने, लावून बघा.

साधा कीपॅड फोन घेताना सगळ्यात आधी सिम बघा. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे २जी फोनात जिओ चालणार नाही, ४जी लिहिलेलाच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपची आशा ठेवू नका, जिओफोनसारख्या कायओएस सिस्टीमवाल्या कीपॅड फोनांवर पूर्वी चालायचं, कंपनीने ते बंद केलं. पैसे पाठवायला मार्ग आहे, २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलंय, त्यात इंटरनेट लागत नाही, कॉल करून पैसे जातात. पण क्यूआर स्कॅन करायची सवय असलेल्या माणसाला ते कटकटीचंच वाटेल.

उन्हाचंही धरा. आयफोन वापरायला ० ते ३५ अंश तापमान कंपनीच सांगते, आणि आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४३-४५ ला असतो. टचवाला बांधावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला की स्क्रीन अंधूक होते, चार्जिंग थांबतं. सावलीत ठेवा, तापला म्हणून फ्रीजमध्ये टाकू नका, आत ओल धरते.

जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा तुमच्या गावच्या दुकानात जाल तेव्हा ज्याचा फोन आहे त्यालाच सोबत न्या, मुलाने परस्पर आणून दिला की आप्पा तो कपाटात ठेवतात. तिथेच त्यांना एक नंबर लावायला सांगा, एक मेसेज वाचायला सांगा, बोट ओलं करून कॉल उचलायला लावा. टच घ्यायचं ठरलं तर टेम्पर्ड ग्लास लावल्यावर स्क्रीन पुन्हा तपासा, जाड काचेखाली टच कमी लागतो, सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवायचा पर्याय असेल तर तो चालू करा. कीपॅड घेतला तर प्रत्येक बटन दाबून बघा आणि रिंगचा आवाज दुकानाच्या बाहेर रस्त्यावर येऊन ऐका.

शेतातलं काम आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही असेल तर शेतात न्यायला साधा कीपॅड आणि घरी टच असे दोन ठेवा, फक्त बँकेला जोडलेलं सिम कोणत्या फोनात राहणार ते आधी ठरवा, कारण ओटीपी शेतात आणि अ‍ॅप घरी असं झालं तर पैसे काही जात नाहीत.