जुनं इंग्लिश महोगनी फर्निचर: या चुका टाळा

यूट्यूबवर दहा मिनिटांत जुनं टेबल चकचकीत होतं. त्यामुळे हल्ली जो तो आधी सॅंडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, विकत घेतो आणि टेबलाकडे नंतर बघतो.

गेल्या हिवाळ्यात यॉर्कशायरमधल्या माझ्या वर्कशॉपात एक गृहस्थ अठराव्या शतकातलं तीन पायांचं गोल टेबल घेऊन आले. "वरची फळी बिघडली होती, मी नीट केली," म्हणाले, तेही कौतुकाने. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत जवळपास नाहीच. अडीचशे वर्षांत गोल फळी किंचित लंबगोल होते, ती व्हायलाच हवी. यांनी टेप लावला, आडवं माप पाव इंच कमी भरलं, म्हणून कडेने राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) फिरवून अगदी बांगडीसारखा गोल काढला. मग सॅंडरने वरचा काळसर तांबूस रंगही उतरवला. फळी खालून चाचपली तर हाताने मारलेल्या रंध्याच्या लाटा बोटांना लागत होत्या. माल अस्सल होता हो! मी त्यांना चहा पाजला, दुसरं काय करणार?

माझी सवय अशी: आधी टेप, मग टॉर्च, मग खण बाहेर काढून उलटा. पहिला तासभर हत्याराला हात लावायचा नाही. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी नवं फर्निचर घ्यावं.

दुसरा डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे वळणदार पाय आणि खाली पंजात गोळा दिसला की "चिपेंडेल!" लंडनचा फर्निचर कारागीर थॉमस चिपेंडेलने १७५४ साली नमुन्यांचं पुस्तक काढलं आणि गावोगावच्या सुतारांनी ते समोर ठेवून खुर्च्या केल्या. त्या पुस्तकात फ्रेंच रोकोको शैलीची नक्षीदार वळणं आहेत, गॉथिक कमानी आहेत, चिनी जाळी आहे. पंजातला गोळा मात्र नाहीच! ती फॅशन त्याच्या आधीची. चिनी ड्रॅगनच्या पंजातल्या मोत्यावरून आली असं मानतात. खुद्द त्याच्या दुकानातला माल म्हणायचा तर यॉर्कशायरमधल्या नॉस्टेल प्रायरी या हवेलीत आहेत तशी बिलं-पत्रं दाखवा.

"१६९० ची महोगनी खुर्ची" कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या. वसाहतींतल्या लाकडावरची जकात १७२१ मध्ये उठली, त्यानंतर जमैकाची महोगनी इंग्लंडात भरभरून यायला लागली. त्याआधी चलती अक्रोडाची.

सांधा सुटला तर फेविकॉलसारखा पांढरा डिंक ओतू नका. प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरसच लावा, पुढच्या दुरुस्तीला तो ऊब-ओल देऊन सोडवता येतो.

टोकदार स्क्रू दिसला तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. कुणीतरी मध्ये हात घातलाय.

घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरजवळ ठेवू नका, विनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) उचकटतं.

खणाच्या आत जादा भोकं दिसली तर मात्र घाबरू नका. फॅशन बदलली की लोक मुठी बदलायचे. मीही एका कपाटाच्या बदलल्यात. काढलेल्या सहाही कापडात गुंडाळून त्याच्याच खालच्या खणात ठेवल्यात.