मराठी वेबकॉमिक करताय? आधी फुगे, मग चित्र

चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधले लेअर, मास्क, मल्टिप्लाय मोड हे सगळं तुमच्या अंगवळणी पडलंय आणि हात बरा चालतो, असं धरून लिहिते. टॅब्लेट कुठला घ्यायचा, हा प्रश्न एका वाक्यात संपवते: पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट घ्या, हप्त्यांवर आयपॅड घेऊ नका. पुढे.

मी पुण्यातल्या एका मेसवर कॉमिक करते. पेठांमध्ये स्पर्धा परीक्षावाल्या पोरांचं एक अख्खं राज्य आहे, त्यातली मेस. पोळ्या मोजून वाढणाऱ्या काकू, डबे पोचवणारा त्यांचा भाचा आणि जाहिरात निघाली की ‘हा शेवटचा अटेम्प्ट’ म्हणणारा एक दादा. पेन्सिल कागदावर, शाई क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये, मेसची खोली ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, रस्ते मोबाइलच्या फोटोंवरून आणि सगळ्या रंगांवर स्कॅन केलेल्या खरबरीत कागदाचा एक थर. एवढी तंत्रं एकत्र नांदवायची म्हणजे डोक्याला ताप आहे, त्याबद्दल खाली येतेच. पण मला सगळ्यात महाग पडली ती संवादांच्या फुग्यांतली अक्षरं. त्यावर जरा जास्तच बोलणार आहे, सोसून घ्या.

वाचकांच्या प्रतिक्रिया यायच्या त्या अशा: ‘चित्रं भारी, पण गोष्ट नीट कळली नाही.’ ‘जरा स्लो वाटतंय.’ ‘दादा एकदम का चिडला?’ मग मी इमानेइतबारे गोष्ट दुरुस्त करायला घेतली. संवाद वाढवले, दादाच्या चिडण्याचं कारण काकूंच्या तोंडून वदवून घेतलं. तक्रारी आणखी वाढल्या. पुढे स्वारगेटहून सुटलेल्या एसटीत आतेबहिणीला तिच्याच फोनवर एक भाग उघडून दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता अंगठ्याकडे बघत बसले. पहिल्या चौकटीवर अंगठा थांबला. दुसऱ्या चौकटीत तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, फुगा वाचला, बोटं उचलली तसं चित्र टुणकन मूळ मापाला आलं. तिसरीत पुन्हा तेच. चौथीपासून तिने तो नाद सोडला आणि नुसती चित्रं सरकवत गेली. शेवटी म्हणाली, ‘छान आहे गं. पण तो चिडला का?’ कारण पाचव्या चौकटीत दोन ओळींत स्वच्छ लिहिलेलं होतं.

हिशोब करून बघा. ए-फोर पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 2480 पिक्सेल रुंद असतं. त्यावर 12 पॉइंटचा मजकूर म्हणजे साधारण 50 पिक्सेल. मोठ्या पडद्यावर काम करताना तो चांगला टपोरा दिसतो. तेच पान इन्स्टाग्रामसाठी 1080 पिक्सेलवर आणलं की 50 चे झाले 22. फोनचा पडदा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद, म्हणजे ते 22 पिक्सेल झाले दीड मिलिमीटरपेक्षा कमी. आणि हे झालं फाँटचं पूर्ण माप. त्यात मात्रा, उकार यांची जागा धरलेली असते. शिरोरेषेपासून खालचं ‘क’चं अंग मिलिमीटरभरही उरत नाही. चालत्या एसटीत हे कोण वाचणार? मी आता 1080 रुंदीच्या पानावर अक्षराचं नुसतं अंग 30 पिक्सेलच्या खाली जाऊ देत नाही. उभं स्क्रोल होणारं कॉमिक करणार असाल तर वेबटून या कॉमिकच्या साइटवर, कुणालाही आपलं कॉमिक टाकता येतं त्या कॅनव्हास विभागात, रुंदी 800 पिक्सेल आणि एका तुकड्याची उंची जास्तीत जास्त 1280. तिथे एका ओळीला पूर्ण रुंदी मिळते, म्हणून ते आपल्या लिपीला जास्त मानवतं.

एवढ्यावर भागत नाही. कॉमिकची अक्षरं कशी बसवावीत हे शिकवणारे जे व्हिडिओ आपण बघतो, ते सगळे इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी असतात. कॅपिटलला ना मात्रा ना रफार, म्हणून ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीत ‘तू फुकट’ आणि बरोबर खाली ‘मैत्रीण’ आली की उकार आणि मात्रा एकमेकांत अडकतात. ओळींमधलं अंतर फाँटच्या मापाच्या दीडपट तरी ठेवा. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द आहे, तो तोडता येत नाही, आणि उभट अंडाकृती फुग्यात तर तो मावतच नाही. मराठी फुगा आडवा आणि रुंद लागतो. चित्र पूर्ण झाल्यावर एवढी आडवी जागा कुठून आणणार? मग आपण अक्षर बारीक करतो, आणि आतेबहीण विचारते, तो चिडला का.

म्हणून क्रम उलटा लावा. आधी मजकूर, त्याच्या मापाचे फुगे, ते पानावर मांडायचे, मग उरलेल्या जागेत माणसं. कोरी पानं आणि त्यावर नुसते फुगे, एवढंच फोनवर टाकून वाचून बघा. गोष्ट तेवढ्यावरच पुढे सरकली पाहिजे. एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांच्या वर गेलात तर दोन फुगे करा, नाहीतर शब्द छाटा. शि. द. फडणीसांची शब्दांशिवायची हास्यचित्रं बघत मोठे झालेले लोक आहोत आपण. काकूंनी डाव आपटला हे चित्रात दिसत असेल तर ‘मी चिडलेय’ लिहायची गरज नाही.

आता सॉफ्टवेअर. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील, ‘किती’ची वेलांटी भलत्याच बाजूला जात असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन टेक्स्ट इंजिन वर्ल्ड-रेडी करा. बऱ्याच चित्रकलेच्या ॲपमध्ये ही सोयच नसते. मी मजकूर इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवते. तिथे युनिकोड मराठी नीट जुळते आणि पैसे पडत नाहीत. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप करून घेऊ नका. आज छान दिसेल, पण उद्या तोच मजकूर दुसरीकडे चिकटवलात की अगम्य चिन्हांचा कचरा हातात येईल.

फाँट निवडताना ‘वऱ्हाडी’, ‘दुसऱ्या’ लिहून बघा. ऱ्य, ऱ्ह धड येत नसेल तर फाँट बाद. ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत का तेही बघा, कारण अनेक देवनागरी फाँटमध्ये ते हिंदीच्या वळणाचे येतात. ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’, हे खुल्या परवान्याचे आहेत, बिनधास्त वापरा. विंडोजमधला मंगल हा सुलेखनकार र. कृ. जोशींसारख्या थोर माणसाचा फाँट, पण फुग्यात घातला की काकू परिपत्रक वाचून दाखवतायत असं वाटतं. आणि देवनागरीत कॅपिटल नसल्याने ओरडणं दाखवायचं तर जाड, मोठी अक्षरं लागतात. फुग्यात त्याचीही जागा आधीच धरा.

तंत्रांच्या मिश्रणाबद्दल आता थोडक्यात. ब्लेंडरमध्ये खोली एकदा उभी केली की प्रत्येक भागात टेबलं-बाकडी नव्याने काढावी लागत नाहीत, हा फायदा खरा. 2.93 आवृत्तीपासून ग्रीस पेन्सिल या त्याच्या रेखाटनाच्या साधनात लाइन आर्ट मॉडिफायर आहे, तो कडांच्या रेघा आपोआप काढून देतो. पण त्या रेघा एकसारख्या, निर्जीव असतात, आणि तुमच्या काकूंची रेघ कुठे जाड कुठे बारीक असते. दोन्ही एका चौकटीत ठेवल्या की काकू स्टिकरसारख्या चिकटवलेल्या दिसतात. उपाय कंटाळवाणा आहे: ब्लेंडरमधून काढलेलं खोलीचं चित्र फिकट करून खाली ठेवा आणि त्यावरून हाताने, त्याच ब्रशने रेघा ओढा.

फोटोंची गोम वेगळी. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बराच वाइड असतो, मोठ्या फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या लेन्सच्या भाषेत 24 ते 26 मिलिमीटर. जवळून काढलेल्या फोटोत कडेच्या वस्तू ताणल्या जातात, आणि फोन जरा वर रोखला की खांब आत झुकतात. आपण माणसं मात्र सरळ काढतो. दहा पावलं मागे जा, दोनपट झूम करा, फोन डोळ्यांच्या उंचीला सरळ धरा. क्षितिजरेषा माणसांची आणि फोटोची एकच पाहिजे. आणि फोटोवर ‘कार्टून’ फिल्टर मारून बॅकग्राउंड म्हणून वापरणार असाल तर माझा नमस्कार घ्या. ‘बॅकग्राउंड कसलं भारी!’ अशी दाद येऊ लागली की समजा, लोक तुमच्या माणसांकडे बघत नाहीयेत.

सगळं एकजीव करायला मला दोनच गोष्टी कामी आल्या: संपूर्ण भागाला सात-आठ रंगांचीच पेटी, आणि सगळ्यात वर मल्टिप्लायवर कागदाचा तोच एक स्कॅन. ब्रशचे पॅक विकत घेऊन काही होत नाही. एआयने चौकटी काढून घेण्याबद्दल विचाराल तर माझं मत कडवट आहे. एक चित्र देखणं येतं, पण पुढच्या चौकटीत काकूंचं नाक बदललेलं असतं, ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा काढलेलं परवडतं.

घाबरू नका. हे सगळं एकदम जमवायची गरज नाही. पहिल्या काही भागांसाठी कागद, पेन आणि नीट बसवलेली अक्षरं पुरेत.

प्रतिक्रियांचं काय करायचं? ‘मस्त’, ‘पुढचा भाग कधी?’ यांनी मूठभर मांस चढतं, ते चढू द्या, पण त्यातून शिकण्यासारखं काही नसतं. वाचकाला कुठे अडलं ते तो खरं सांगतो. का अडलं ते त्याला सांगता येतंच असं नाही, आणि ते शोधणं त्याचं कामही नाही. म्हणून ‘कसं वाटलं?’ विचारू नका. ‘काय झालं सांग ना गोष्टीत’ असं विचारा. जिथे तो अडखळेल ती चौकट बघा, तिथला फुगा बघा, त्याचं शेपूट कुणाच्या तोंडाकडे जातंय ते बघा. गोष्टीला हात सगळ्यात शेवटी लावा. ‘दादा आणि मेसमधली ती मुलगी, यांचं जमवा’ अशी मागणी करणारे पुष्कळ भेटतील. त्यांना हसून पुढे जा.

आणि गुरू. मला एका ज्येष्ठांनी सांगितलं होतं, आधी शरीररचना पक्की कर, मग कॉमिककडे वळ. ते ऐकलं असतं तर आजही हाडंच काढत बसले असते. चित्र तपासून घ्यायला चित्रकार ठीक, पण कॉमिक तपासायला चित्रकलेचा गंध नसलेला, चष्मा लागलेला, स्वस्त फोनवाला माणूस गाठा. तो तुमच्याशी खोटं बोलला तरी त्याचा अंगठा बोलणार नाही.

राहता राहिले ऱ्हस्व-दीर्घ काढणारे. मराठीत लिहिताय म्हटल्यावर ते येणारच, आणि ‘आशिर्वाद नाही, आशीर्वाद’ असं सगळ्यांदेखत सुनावणारच. चिडू नका, ते प्रत्येक फुगा वाचतात. अडचण एवढीच की इन्स्टाग्रामवर एकदा टाकलेलं चित्र बदलून दुसरं ठेवता येत नाही. म्हणून मजकुराचा लेअर कधीही चित्रात विरघळवू नका, मूळ फाइल वेगळी राखा आणि त्यांच्यातल्याच एकाला गाठून प्रत्येक भाग आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवत जा. माझ्यासाठी हे काम एक निवृत्त शिक्षिका करतात. त्यांना कॉमिक मुळीच आवडत नाही.