पद्मिनीचे पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घरीच कसं बसवायचं

आमच्याकडं वडलांची पद्मिनी आहे, १०८९ सीसी पेट्रोल. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास गेला की दुपारी एकदा बंद केलेली ही गाडी परत चालूच व्हायची नाही. सात रस्त्याला भर चौकात उभी राहिलेली आहे, आत आई बसलेली, मागं रिक्षांचे हॉर्न, आणि मी बॉनेट उघडून उभा. पाऊण तासानं गार झाली की एका सेल्फमध्ये चालू. लोक म्हणायचे पेट्रोल पंप बदला, कार्बोरेटर धुवा, सगळं करून झालं आणि शेवटी निघाला कंडेन्सर, म्हणजे पॉईंटला (स्पार्कसाठी कॉईलचा करंट तोडणारा छोटा स्विच) जोडलेला, ठिणगी दाबणारा छोटा डबा. गरम झाला की तो आतून लीक व्हायचा, मग पॉईंटवरच ठिणग्या उडायच्या आणि प्लगपर्यंत काही जायचंच नाही. नवीन आणला तो दोन महिन्यात गेला, परत आणला तो पण गेला, मग मी पॉईंट आणि कंडेन्सर दोन्ही कायमचे काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवला. एका रविवारचं काम आहे, घरी होतं, पण किट हातात आल्या आल्या बसवायला घेऊ नका, का ते सांगतो.

आधी पॉईंट नेमकं काय करतो ते बघा. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणारा इंजिनवरचा डबा, त्याच्या आत समोरासमोर दोन टिकल्यांचा हा स्विच असतो. चार सिलिंडरची गाडी ३००० आरपीएमवर पळते तेव्हा मिनिटाला ६००० स्पार्क लागतात, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक वेळी ती एवढीशी टिकली उघडते आणि मिटते, आणि उघडली की कॉईलमधून वीसेक हजार व्होल्ट तयार होऊन प्लगला जातात. माझे जुने पॉईंट काढून उन्हात धरले तर एका टिकलीला खड्डा पडलेला आणि समोरच्या टिकलीवर बरोबर तेवढाच उंचवटा, कडेनं निळसर जळालेलं. असं झालं की फीलर गेज घालून गॅप कितीही मोजा, आकडा खोटाच येतो. किटमध्ये हा प्रकारच नाही, डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या रोटरच्या खाली चुंबकाची रिंग बसते, शेजारी चुंबक ओळखून करंट तोडणारं छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, दोघं एकमेकाला टेकत नाहीत त्यामुळं घासायला, जळायला काही राहत नाही.

आता महत्त्वाचं. विजापूर रोडला एक म्हातारे मिस्त्री आहेत, आमच्या वडलांपासून गाडी त्यांच्याकडंच. किट दाखवला तर ते म्हणाले, "मालक, किट चांगलाय, पण आधी अर्थ बघा, मग करंट बघा, मग याला हात लावा." हे शंभर टक्के खरं आहे. पॉईंट १० व्होल्टवर पण कसंबसं काम ओढतो, मॉड्यूलला कमी मिळालं की ते मिसिंग मारतं नाहीतर जळतं, आणि मग लोक म्हणतात किटच बोगस होता.

अर्थ म्हणजे इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी जोडणी, ती अशी बघायची. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. माझं ०.९ आलं. खाली वाकून बघतो तर इंजिन ते बॉडीची अर्थपट्टी हिरवी पडलेली, वेणीतल्या चारपाच तारा शिल्लक, बाकी सगळ्या तुटलेल्या. नवीन पट्टी टाकली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरनं पांढरी होईपर्यंत घासली, आणि नुसत्या तेवढ्यानं हेडलाईटसुद्धा वाढली. डिस्ट्रिब्युटरच्या आत प्लेटला जोडणारी एक बारीक लवचिक वायर असते ती पण बघा, बहुतेक गाड्यात ती तुटलेली असते आणि कोणी तिकडं बघतच नाही.

करंट, म्हणजे कॉईलला किती व्होल्ट पोचतात ते बघताना एक चूक सगळे करतात, मी पण केली. इग्निशन ऑन करून कॉईलच्या प्लसवर मीटर लावला, १२.३ दाखवलं, म्हटलं एकदम झकास. पण त्यावेळी पॉईंट उघडे होते, करंट वाहतच नव्हता, त्यामुळं मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणारच. पॉईंट मिटलेले असताना मोजा. माझ्या गाडीत तेव्हा ७ च्या खाली आलं, कारण पूर्वी कोणीतरी बॅलास्टवाली, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टरबरोबर चालणारी कॉईल आणि तो रेझिस्टर बसवून ठेवलेला. असा रेझिस्टर असेल तर मॉड्यूलची लाल वायर त्याच्या अलीकडं, म्हणजे स्विचकडच्या बाजूला जोडायची, कॉईलच्या प्लसला नाही. कॉईलचा ओहमपण मोजा, दोन्ही वायरी काढून प्लस ते मायनस. ३ च्या आसपास आला तर बिनबॅलास्टची, दीडच्या आसपास तर बॅलास्टची. किटच्या कागदावर कमीत कमी किती ओहमची कॉईल चालते ते लिहिलेलं असतं, त्यापेक्षा कमी असेल तर कॉईल बदला.

अजून एक, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून रोटर बोटात धरून आडवा हलवून बघा. शाफ्ट टकटक हलत असेल तर आधी लेथवाल्याकडून बुश टाकून घ्या. मग रोटर हातानं फिरवून सोडा, तो स्प्रिंगनं आपोआप मागं आला पाहिजे, आला नाही तर आतली ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की स्पार्क लवकर पाडणारी वजनं जाम आहेत, आपल्याकडच्या धुळीत हे हमखास होतं. साफ करा आणि रोटरखालच्या फेल्टवर दोन थेंब इंजिन ऑईल टाका.

आता बसवणं, खरं तर हे सगळ्यात सोपं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवा, इंजिन हळूहळू फिरवा, हवा अंगठा ढकलायला लागली की पुलीवरची टायमिंगची खूण जुळवा. आता रोटर कुठं बघतोय तिथं बॉडीवर खडूनं खूण करा आणि मोबाईलवर फोटो काढा. प्लग वायरींना चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा, पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर नंतर अख्खी दुपार जाते.

मग पॉईंट आणि कंडेन्सर काढा. प्लेटचे स्क्रू बारीक असतात, आत पडले तर पूर्ण डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायला लागतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला थोडं ग्रीस लावा, स्क्रू चिकटून येतो. त्याच जागी मॉड्यूल बसवा, चुंबकाची रिंग शाफ्टवर शेवटपर्यंत दाबा, दोघांतलं अंतर कागदावर दिलंय तेवढं ठेवा. वायरी पूर्वीच्याच रबरी ग्रोमेटमधून बाहेर, आत थोडी ढील ठेवून, कारण इंजिनच्या व्हॅक्यूमनं (हवेच्या ओढीनं) प्लेट फिरते आणि ताणलेली वायर महिनाभरात तुटते. काळी कॉईलच्या मायनसला, लाल इग्निशनच्या १२ व्होल्टला. उलटी लावली तर मॉड्यूल जागच्या जागी जातं, दोनदा बघा. आपली गाडी निगेटिव्ह अर्थच आहे ना हेही बॅटरीवर बघून घ्या, फार जुन्या काही गाड्यांत उलटं असतं.

कॅप आणि रोटर नवीनच टाका, जुन्या कॅपला आतून केसासारखी काळी रेघ असते, तिथूनच करंट पळतो. प्लग वायर रेझिस्टरवाल्या घ्या, नुसत्या तांब्याच्या घेतल्या तर मॉड्यूल गोंधळतं. प्लगचा गॅप ०.६ वरून ०.७५ मिमी केला मी, कागदात परवानगी होती म्हणून. प्लग आधी हातानंच पूर्ण बसवायचे, मग पान्यानं नवीन वॉशर असेल तर अर्धा फेरा, बास. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावला की आटे गेले.

चालू झाली की टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते टायमिंग लाईटनं बघा, आयडलवर, व्हॅक्यूमचा पाईप काढून तोंड बंद करून. आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या, दुसऱ्याच्या गाडीचा नको. डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटर फिरतो त्याच्या विरुद्ध फिरवली की टायमिंग पुढं जातं (स्पार्क लवकर पडतो), त्याच दिशेला फिरवली की मागं (उशिरा पडतो). मग तुळजापूर रोडला घेऊन जा, घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर दाबा, टणटण नॉकिंग ऐकू आलं तर दोन डिग्री मागं घ्या. इंजिन चालू असताना प्लगची वायर हातानं ओढून स्पार्क बघायची आपल्याकडं सवय आहे, ती आता सोडा. शॉक जबरदस्त बसतो आणि मॉड्यूलपण जातं. तसंच इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन ठेवत गाणी ऐकत बसू नका, कॉईल तापते.

मारुती ८०० कार्बोरेटरवाली असेल तर नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन कंपनीकडूनच आलेलं असतं, तिथं फक्त कॅप, रोटर, वायरी, प्लग आणि अर्थ एवढंच करा.

५०० किलोमीटर झाले की टायमिंग परत एकदा बघा आणि डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प बोल्ट घट्ट आहे ना ते बघा. जुने पॉईंट, चांगला कंडेन्सर, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज एका पिशवीत बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पंढरपूरच्या रस्त्याला रात्री मॉड्यूल गेलंच तर वीस मिनिटात पॉईंट परत लावून घरी येता येतं, फक्त त्यासाठी कॉईलची जुनी वायर कापू नका, टोकाला टेप गुंडाळून तिथंच राहू द्या.