कुत्र्याला जंगलात न्यायचं तर आधी वेळ ठरवा

नागपूरभोवतीचं जुनं जंगल म्हणजे साग, ऐन, धावडा, तेंदू, नाल्याकाठी अर्जुन आणि पायाखाली घोटाभर पालापाचोळा. यात कुत्र्याला मनसोक्त हुंगता येतं. पण आधी जागा पक्की करा. पेंच, बोर, ताडोबा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या व्याघ्र प्रकल्पांत आणि अभयारण्यांत पाळीव कुत्रा नेता येत नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांना त्याचा फटका बसला होता. उरतं ते गावालगतचं जंगल. तिथेही राखीव वन असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. रेबीजची लस, आणि डिस्टेंपर, पार्व्हो (जीवघेण्या जुलाबांचा आजार) व लेप्टो (यकृत-मूत्रपिंड बिघडवणारा जंतुसंसर्ग) यांची एकत्रित लस चालू वर्षाची हवी.

आता वेळ. इथेच लोक चुकतात. ऊन टाळायचं म्हणून अंधारातच निघतात, आणि नेमकी तीच वेळ बिबट्याची. गोरेवाडा परिसरात बिबटे आहेत, हिंगणा-कोंढाळीकडच्या पट्ट्यात वाघही फिरतात, आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. म्हणून चांगलं उजाडल्यावरच निघा आणि संध्याकाळी जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम: सव्वासात ते दहा. मार्चमध्ये साडेआठला परत या. एप्रिल-मेमध्ये नागपुरात जंगलफेरी हा हट्टच म्हणायचा. घराजवळच्या सावलीत वीस मिनिटं पुरेत.

पट्टा सहा फुटांचा, जाड, आणि छातीच्या हार्नेसला लावलेला. बटण दाबून लांब होणारा दोरीचा पट्टा आणू नका. रानडुक्कर दिसलं की कुत्रा पंधरा फूट पुढे गेलेला असतो आणि दोरी हात कापते. लहान कुत्रा कायम पायाशी ठेवा. पायवाट सोडू नका. पोकळ खोडात घोरपड असते, पाल्यात घोणस असते आणि थंडीत ती उन्हाला येऊन पडते. सागाच्या वाळल्या पानांवर ती माणसालाही दिसत नाही, खाली नाक घालून चालणाऱ्या कुत्र्याला तर नाहीच. शेताच्या कडेने जाताना आणखी सावध राहा. डुकरांसाठी कुंपणात वीज सोडलेली असते, तारेचे फासे असतात, कधी आमिषात गावठी बॉम्बही असतो. जमिनीवरचं काहीही तोंडात घेणाऱ्या कुत्र्याला जाळीची मुसकी घाला. तिच्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे.

कान उघडे ठेवा, हेडफोन नकोत. वानरं फांदीवर बसून एकाच दिशेला पाहत खोकल्यासारखा आवाज करत राहिली, किंवा चितळाची हाक थांबेना, तर त्या दिशेला शिकारी जनावर आहे असं समजा. कुत्रा लहान असेल तर उचला, मोठा असेल तर पट्टा आखडा, मोठ्याने बोलत आल्या वाटेने चालत परता. पळू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखालून जाऊ नका. फुलांसाठी अस्वल येतं, आणि पहाटेपासून मोह वेचणाऱ्या बायांवर तुमचा कुत्रा भुंकत सुटणं बरं दिसत नाही.

पाणी घरून न्या: दहा किलोच्या कुत्र्याला तासाभरासाठी अर्धा लिटर, पंचवीस किलोच्याला एक लिटर, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. डबक्याचं पाणी पाजू नका, त्यातून लेप्टो होतो. धापा थांबेनात, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले तर ऊन लागलं आहे. पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

पावसाळा संपला की कुसळांचे दिवस. कुसळीच्या बीचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावर उलटे केस असतात, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. ओलावा कमी-जास्त झाला की बीची लांब शेपटी गोल फिरते आणि बी कातडीत घुसतं. निघण्याआधी बोटांमधले केस कापा. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, काखा, पापण्या पाहा. एकच पंजा सारखा चाटणं किंवा डोकं एका बाजूला झटकणं म्हणजे कुसळ आत गेलेलं असू शकतं. कानातलं स्वतः काढायला जाऊ नका, आणखी आत जाईल.

साप चावला तर कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा. जखम कापायची नाही, दोरीही आवळायची नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, म्हणून साप ओळखत बसू नका. मात्र ते कोणत्या पशुवैद्यांकडे असतं, हे निघण्याआधीच फोन करून विचारून ठेवा.

गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून हळूहळू सरळ ओढा. रॉकेल, पेटती काडी, बोटांनी चिरडणं, काहीही नको. त्यानंतर तीन आठवडे लक्ष ठेवा: ताप, न खाणं, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा कॉफीसारखी लघवी दिसली तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या आणि जंगलात गेलो होतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.