वास्को द गामावर लिहिताना या चुका टाळा

‘वास्को द गामाने 1498 मध्ये भारताचा शोध लावला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत आजही सर्रास आढळते. इ.स.पू. 2300 च्या सुमारास मेसोपोटेमियातील (आजचा इराक) अक्कडचा राजा सारगॉन मेलुह्हाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे अभिमानाने कोरून ठेवतो, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तर आपले कल्याण आणि सोपारा नावानिशी येतात. म्हणून ‘आफ्रिकेला वळसा घालून भारतात येणारा सागरी मार्ग’ असेच लिहावे.

दुसरी चूक अधिक खोलवर रुजली आहे. 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून व्यापारी मार्ग बंद केला, म्हणून पोर्तुगीज समुद्रावर निघाले, हे कारण पाठ केले जाते. परंतु पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील सेउटा हे बंदर 1415 मध्येच घेतले होते, 1434 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोहादोरचे भूशिर ओलांडले होते, आणि इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातून इटलीतील व्हेनिसला जाणारी मिरी 1453 नंतरही जातच होती, कारण इजिप्त 1517 पर्यंत या तुर्कांकडे नव्हे, तर मामलुक सुलतानांकडे होते. त्या व्यापारातील व्हेनिसचा नफा आपल्याकडे वळवणे आणि आफ्रिकेचे सोने मिळवणे, ही कारणे आधी मांडावीत.

नकाशावर जाण्यायेण्याचे बाण सारखेच काढले जातात, तेव्हा मोसमी वारे विसरले जातात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदीला मिळालेल्या जाणकार वाटाड्याच्या मदतीने गामाने अरबी समुद्र महिन्याच्या आत ओलांडला. परतताना मात्र वारा फिरण्याआधीच निघाल्याने त्याच अंतराला सुमारे तीन महिने लागले आणि अनेक खलाशी स्कर्व्हीने (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) दगावले.

गामा भारतात प्रथम उतरला तो केरळातील कालिकतजवळ (आजचे कोळिकोड), गोव्यात नव्हे. गोवा 1510 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून घेतला.

पहिल्याच भेटीत कालिकतचा राजा सामुद्री गामापुढे दबला, असेही लिहू नये. गामाने भेट म्हणून पट्टेरी कापडाचे बारा तुकडे, काही टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची सहा तस्ते, साखर, तेल आणि मध मांडले, तेव्हा राजाच्या अधिकाऱ्यांना हसू आले आणि मक्केहून येणारा गरीबातला गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, असे त्यांनी सांगितले. कालिकतवर गामाने तोफा डागल्या त्या 1502 च्या दुसऱ्या सफरीत. 1498 च्या उत्तरात त्यांना जागा नाही.